एकवीस किलोमीटर, वाटेत माणसं

वार हे माप आपल्याकडे आता जवळपास नऊवारीपुरतंच उरलंय. अमेरिकन फुटबॉलचा सगळा हिशेब मात्र वारांतच चालतो. मैदान शंभर वारांचं. चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकायचं, नाही जमलं तर बहुतेक वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात. (पायाशी या फुटबॉलचं नातं तसं नावापुरतंच.)

या खेळात फेकलेला चेंडू झेलून जेरी राइस नावाच्या माणसाने 20 मोसमांत 22,895 वार कमावले. म्हणजे जवळजवळ एकवीस किलोमीटर, अर्ध-मॅरेथॉनच म्हणा ना. तीही रिकाम्या रस्त्यावर नाही. समोर अकरा धिप्पाड गडी, आणि त्यांचं काम एकच, याला आडवा करणं. बाद फेरीचे सामने तर या हिशेबात धरलेलेच नाहीत. यादीत दुसरा असलेला लॅरी फिट्झगेराल्ड 17,492 वारांवर थांबला. राइसने 1985 ते 2000 या काळात एकट्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्ससाठी मिळवलेले वारच 19,247 भरतात. पुढची वर्षं पुसून टाकली तरी पहिला तोच.

असा माणूस वाऱ्यासारखा पळत असेल, असं वाटतं ना? गंमत इथेच आहे. निवड करणाऱ्यांच्या लेखी त्याचा वेग बेताचाच होता. संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्या 1985च्या निवडीत त्याचा क्रमांक सोळावा. त्याच्याआधी चेंडू झेलणारे दोघे उचलले गेले होते. फोर्टीनायनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी मात्र त्याला हेरलं होतं आणि सोळावी जागा मिळवण्यासाठी संघाने न्यू इंग्लंडच्या संघाशी सौदा केला.

मुलगा मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड या खेड्यातला, बाप गवंडी. सुट्टीत बापाच्या हाताखाली काम करताना खालून भाऊ विटा फेकायचे आणि हा परांचीवर उभा राहून झेलायचा. वीट निसटली तर काय होतं, हे वेगळं शिकवावं लागत नाही. तरीही पहिल्या मोसमात त्याच्या हातून इतके चेंडू सुटले की घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मग डिसेंबरात लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध एकाच सामन्यात त्याने 241 वार काढले.

खरं कोडं सुटतं ते वॉल्शच्या पद्धतीत. लांब चेंडू भिरकावण्यापेक्षा छोटे, घड्याळावर बसवलेले पास. फेकणारा जो मोंटाना ठरलेली पावलं मागे जाणार, राइस ठरलेली पावलं धावून वळणार. आणि बऱ्याचदा तो वळायच्या आतच चेंडू हातातून सुटलेला. चेंडू माणसाकडे जात नाही, माणूस जिथे असणार त्या रिकाम्या जागेकडे जातो. तबलजी आणि गवई समेवर भेटतात, तसं. इथे सरळ रेषेतल्या वेगापेक्षा वळताना वेग न गमावणं मोलाचं, आणि त्यात राइसचा हात धरणारा कुणी नव्हता. शिवाय दमसास! सॅन कार्लोसजवळची अडीच मैलांची चढण तो मोसम नसताना धावत चढायचा. सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत पाठलाग करणाऱ्यांना धाप लागायची, याची पावलं तशीच पडत राहायची.

हे सगळं एका संध्याकाळी एकत्र पाहायचं असेल तर 22 जानेवारी 1989, मायामी. सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, फोर्टीनायनर्स सिनसिनाटीच्या 3 गुणांनी मागे, हातात तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ आणि समोर 92 वार. त्या चढाईत राइसने तीनदा चेंडू झेलला. विजयाचा झेल मात्र 34 सेकंद उरलेले असताना जॉन टेलरने घेतला. 20-16. सामनावीर राइस: 11 झेल, 215 वार.

2002 सालच्या मोसमात तो रेडर्स या संघाकडून खेळत होता. ऑक्टोबरात चाळिशी गाठली आणि त्या मोसमात त्याने 1,211 वार मिळवले. चांगल्या, तरण्या खेळाडूचा मोसम मोजायची खूण आहे 1,000 वार.