सॅल्मनच्या गळावर सह्याद्रीचा कोंबडा

पश्चिम लंडनच्या ईलिंग भागात ऑक्टोबर 2023 मध्ये बीव्हरचं एक पाच जणांचं कुटुंब राहायला आलं. ग्रीनफर्डजवळच्या पॅरडाइज फील्ड्स या पाणथळ रानात त्यांना सोडलं, त्याची मोठी बातमी झाली. होणारच होती. ब्रिटनमधून हा प्राणी सुमारे चारशे वर्षांपूर्वी माणसाने मारून संपवला होता. मांस पोटात गेलं, ग्रंथीतला वासाचा स्राव औषधांत आणि अत्तरांत गेला आणि अंगावरची दाट लव टोप्यांसाठी गेली. ही लव पाणी आत शिरू देत नाही. याच गुणासाठी इथल्या मासेमारीच्या दुकानांत आजही तिची चिमूटभर पुडी विकत मिळते. ग्रीनफर्डच्या कुटुंबाशी या पुडीचा संबंध नाही, माल उत्तर अमेरिकेतला असतो. गिऱ्हाईक असतात घरी बसून नकली माश्या बांधणारे लोक.

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून बसणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. फ्लाय फिशिंगचा प्रकार वेगळा. इथे आमिष खायचं नसतंच. गळावर पीस, लव, दोरा गुंडाळून कीटकाचा भास निर्माण करायचा आणि तो भास पाण्यावर अलगद उतरवायचा. त्या माशीला वजन असं काही नसतं, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची असते ती जाडसर, वजनदार दोरी. लवचीक काठीने ती मागे-पुढे झुलवायची, टोकाची माशी तिच्यामागे फरफटत जाते. ट्राउट मासा पाण्यातले कीटक खाऊन जगतो, म्हणून हा खटाटोप. त्याचं आवडतं खाणं म्हणजे मेफ्लाय. हा कीटक महिनोन्महिने, काही जाती तर दोन वर्षं, पाण्याखाली अळीच्या रूपात काढतो. पंख फुटले की मात्र जेमतेम दिवसभराचा सोबती. त्या अवस्थेत त्याला खाण्याजोगं तोंडही उरत नाही.

ईलिंगची स्वतःची नदी म्हणजे ब्रेंट. पेरिव्हेल, हॅनवेल करत, ब्रुनेल या अभियंत्याच्या वॉर्नक्लिफ पुलाच्या कमानींखालून ती ब्रेंटफर्डला थेम्सला मिळते. ट्राउटवाले तिच्याकडे फारसे वळत नाहीत. ते गाडी पकडून हॅम्पशरला टेस्ट आणि इचन या चुनखडीच्या निवळशंख नद्यांवर जातात. ज्यांना एवढा वेळ आणि पैसा नाही, त्यांना चब नावाचा खादाड मासा पुरतो. तोही वरून पडलेल्या कीटकावर झडप घालतो. पण वयाच्या तेराव्या वर्षापासून परवाना हवाच, आणि चबसारख्या माशांसाठी इंग्लंडमधल्या नद्या 15 मार्च ते 15 जून बंद. या बंद महिन्यांत मग टेबलाला व्हाइस अडकवायचा आणि बांधत बसायचं.

व्हाइस म्हणजे वर्कशॉपमधलाच, फक्त बोटभर जबड्याचा. गळ त्यात आडवा पकडायचा. गळाचा क्रमांक वाढत जातो तसा आकार लहान होत जातो. चौदा नंबरचा गळ जेमतेम सेंटिमीटरभर असतो. दोऱ्याचं रीळ एका बारीक नळीच्या बॉबिन होल्डरमध्ये बसतं आणि स्वतःच्या वजनाने लोंबत राहतं, त्यामुळे हात सोडला तरी दोरा ढिला पडत नाही. टोकदार छोटी कात्री, पिसाचं टोक धरायला स्प्रिंगचा चिमटा, एक दाभण आणि शेवटची गाठ मारायचं वाकड्या तारेचं हत्यार. सुरुवातीला एवढं पुरतं. दुकानदार आणखी वीस वस्तू दाखवतील, त्या पाहून घ्याव्यात आणि परत ठेवाव्यात.

खरी मेख हत्यारांत नाही, दोऱ्याच्या ताणात आहे. दोरा तुटायच्या जरासा अलीकडे थांबायचं, सगळी बांधणी त्या मर्यादेवर चालते. ढिला बांधला तर पहिल्याच माशाच्या दातांत माशी उसवते. पिसाचा पंख गळाच्या बरोबर माथ्यावर बसवायचा तर सरळ दोरा ओढून चालत नाही, पंख पलीकडच्या बाजूला कलंडतो. म्हणून पंख आणि गळ एकत्र चिमटीत धरायचे, चिमटीच्या आतच दोऱ्याचा एक सैल फेरा घ्यायचा आणि मग तो सरळ खाली ओढायचा. चिमूट सोडली की पंख उभा. नवशिक्याची बोटं नेमकी फेरा आवळायच्या आधी सुटतात. अंगाला केसाळ भरीवपणा हवा असेल तर मेण लावलेल्या दोऱ्यावर बीव्हरची किंवा सशाची लव चढवायची: चिमूटभर लव घेऊन अंगठा आणि तर्जनीने एकाच दिशेला वळायची, समईची वात वळतात तशी. उलटसुलट वळली की ती सुटते. आणि घ्यायची किती, तर वाटते त्याच्या निम्मी. तरंगणाऱ्या माशीला शेवटी कोंबड्याच्या मानेचं पीस गळाभोवती गोल गुंडाळतात. त्याचे ताठ तंतू चहूकडे पसरतात आणि पाण्याच्या पृष्ठताणावर टेकून माशी उभी राहते.

या पिसापाशी गोष्ट भारताकडे वळते. अमेरिकेत खास पिसांसाठी कोंबड्यांच्या जाती पैदा होईपर्यंत ब्रिटनमधल्या साध्या बांधणाऱ्याची भिस्त भारतातून आणि चीनमधून येणाऱ्या स्वस्त कोंबड्यांच्या कातड्यांवर होती. पण खरा मान होता तो रानकोंबड्याला. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा, भीमाशंकरला किंवा कोयनेच्या रानात पहाटे आरवणारा. नराच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाला मेणचट पिवळे आणि पांढरे ठिपके असतात, कडक आणि चकचकीत, मीनाकारी केल्यासारखे. पावसाळ्यात ही माळ गळते आणि नर काही महिने साधासुधा दिसतो. व्हिक्टोरियन काळात इंग्लंड-स्कॉटलंडच्या बांधणाऱ्यांना या ठिपक्यात माशाचा डोळा दिसला. सॅल्मनच्या भारी माशीच्या दोन्ही बाजूंना हे पीस लागलंच पाहिजे असा रिवाज पडला. जॉक स्कॉट नावाच्या प्रसिद्ध माशीत ते आहे, सोबत टूकन आणि सोनेरी फेझंट. जॉर्ज केल्सनने 1895 मध्ये सॅल्मनच्या माश्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यातल्या कृती वाचताना एखाद्या पक्षिसंग्रहालयाची यादी वाचतोय असं वाटतं.

गंमत अशी, की अटलांटिक सॅल्मन समुद्रातून नदीत शिरला की खाणंच सोडतो. तो गळावर का झेपावतो, चिडून, सवयीने की आणखी कशाने, यावर अजून वाद आहे. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला भूकच नाही त्याच्यापुढे जगभरच्या पिसांचं ताट मांडलं जात होतं. माझ्या मते ही माशी मासा पाहील म्हणून सजलेली नव्हतीच. ती क्लबातला शेजारचा माणूस पाहणार होता.

पिसांची हौस फक्त मासेमारांची नव्हती, बायकांच्या टोप्यांनी तर पक्ष्यांची रानंच्या रानं रिकामी केली. त्याविरुद्ध 1889 मध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन या बाईंनी मंडळ काढलं, आजच्या आरएसपीबी या पक्षिसंरक्षण संस्थेची सुरुवात तिथून. भारतातून रानपक्ष्यांची पिसं बाहेर न्यायला 1902 मध्ये बंदी आली. ब्रिटनने आयातीवर 1921 मध्ये कायदा केला. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने रानकोंबड्याची शिकार गुन्हा ठरली. आज ब्रिटनमध्ये काही पक्षिपालक हेच कोंबडे पिंजऱ्यात वाढवतात आणि त्यांची पिसं राजरोस विकली जातात, चांगल्याच किमतीला.

हौस मात्र संपली नाही. ईलिंगच्या हॅनवेलमध्ये ग्रँड युनियन कालव्याची सहा लॉकची उतरंड आहे, 1794 सालची. हाच कालवा वायव्येला चढत चढत ट्रिंगला जातो, सुमारे 40 किलोमीटरवर. तिथे नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षिसंग्रह आहे. जून 2009 मध्ये एडविन रिस्ट हा वीस वर्षांचा अमेरिकन मुलगा, लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये बासरी शिकणारा आणि सॅल्मनच्या जुन्या माश्या बांधण्यात वाकबगार, रात्री तिथली खिडकी फोडून आत शिरला आणि पक्ष्यांची 299 कातडी बॅगेत भरून घेऊन गेला. त्यातले काही पक्षी निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने स्वतः जमवलेले होते. त्यांची पिसं इंटरनेटवर विकली गेली. पुढे रिस्ट पकडला गेला, 2011 मध्ये त्याला बारा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. निम्म्याहून थोडी जास्त कातडी अखंड परत मिळाली, पण बऱ्याच पक्ष्यांच्या पायातली चिठ्ठी नाहीशी झाली होती. पक्षी कुठे, कधी सापडला ते त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, तिच्याशिवाय विज्ञानाला त्या कातड्याचा फारसा उपयोग नाही. या माश्या बांधणारे बहुतेक लोक त्या पाण्यात टाकतच नाहीत. त्या काचेखाली राहतात.

स्कॉटलंडच्या मेगन बॉइडची गोष्ट याच्या उलट. ब्रोराजवळच्या छोट्या घरात या बाईंनी आयुष्यभर माश्या बांधल्या, तेव्हाचे राजपुत्र चार्ल्सही त्यांचे गिऱ्हाईक. त्यांच्या माश्या रोज पाण्यात जायच्या, माशांनी चावून चिंध्या व्हायच्या. स्वतः त्यांनी मासा कधी धरला नाही. त्यांना जीव मारणं आवडत नव्हतं.

माशाच्या बाजूने विचार करणारा माणूस पाहायचा तर फ्रँक सॉयर. विल्टशरच्या एव्हन नदीचा हा रखवालदार. पाण्यात तासन्‌तास बघून त्याने एक गोष्ट हेरली: मेफ्लायची चपळ अळी पोहताना पाय अंगाशी दुमडून घेते. मग नकली अळीला पाय कशाला? त्याची फेझंट टेल निंफ जगातल्या सर्वात साध्या माश्यांपैकी एक आहे. सामान दोनच: केसाइतकी बारीक तांब्याची तार आणि फेझंट नराच्या शेपटीच्या पिसाचे चार तंतू. दोरा नाही. तारच गळावर गुंडाळून पुढे छातीचा फुगवटा करायचा, तिनेच तंतूंची टोकं शेपटी म्हणून बांधायची, मग तार आणि तंतू एकत्र पीळ देऊन पुढे न्यायचे आणि फुगवट्यावरून दोन-तीनदा मागे-पुढे दुमडून तारेने आवळायचे. तांब्यामुळे ती चटकन बुडते. ती माशापाशी पोचली की काठी हलकेच उचलायची. अळी वर निघाल्यासारखी दिसते आणि मासा राहवत नसल्यासारखा तोंड उघडतो. सॉयरचं ‘निंफ्स अँड द ट्राउट’ 1958 मध्ये आलं.

पण माणसाचा स्वभाव बघा. सॉयरच्या दुसऱ्या एका माशीत, किलर बगमध्ये, चॅडविक्स 477 नावाची मोजे रफू करायची लोकर लागायची. ती लोकर बंद पडली. तेव्हापासून जुन्या कार्डावरची लोकर लोक दामदुपटीने विकत घेतात. माशाने कार्डावरचा नंबर कधी वाचला कोण जाणे. आणि 2011 मध्ये तर उलटंच झालं: अमेरिकेत केसांत पिसं माळायची फॅशन आली आणि सलूनवाल्यांनी मासेमारांच्या दुकानांतली कोंबड्यांची पिसं उचलली. बांधणारे कुरकुरत राहिले.

आपल्याकडे हे सगळं करायचं तर माशी बदलावी लागेल. आपल्याकडचा मासा म्हणजे महाशीर. त्याची सह्याद्रीतली जात, टॉर खुद्री, कर्नल साइक्सने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून नोंदवली. लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटा पॉवर कंपनी कित्येक वर्षं तिची पिल्लं वाढवते. महाशीर कीटक खातो, शिंपले फोडतो, आणि काठावरच्या झाडांची पडलेली फळंही गिळतो. घशातल्या दातांनी तो कच्चा गळ सहज चेपतो, म्हणून गळ जाड तारेचा हवा. अमेरिकेत ग्रास कार्पसाठी तुतीचं नकली फळ बांधतात: हरणाचे पोकळ केस दोऱ्याने आवळले की फुलून गोल उभे राहतात, मग कात्रीने फळाचा आकार द्यायचा. महाशीरासाठी तसंच उंबर बांधता येईल. फक्त हरणाचे केस नकोत, आपल्या वन्यजीव कायद्यात ते अंगाशी येऊ शकतं. चपलेच्या दुकानातला फोमचा तुकडा तरंगतोही आणि तांबडा रंगवताही येतो.