फुगवट्याखालची पाणंद

किनारा दोनेकशे हात मागे पडल्यावर गाइडने मोटर बंद केली आणि म्हणाला, "आता आपण रस्त्यावर आहोत."

चहूकडे पाणी. मार्चच्या पहिल्या आठवड्यातली गार पहाट, पाण्यावर तरंगणारी वाफ, आणि त्या वाफेतून वर आलेली शेकडो वाळकी झाडं. फांद्या कधीच्या झडलेल्या, नुसते राखाडी खांब उरलेले. रस्ता आमच्या खाली चौदा फुटांवर होता. धरण होण्याआधी दोन शेतांमधून जाणारी ती पाणंद, तिच्या कडेनं पाणी वाहून जायला काढलेला चर, आणि त्या चराच्या काठावर, गाइडच्या हिशेबानं, त्या आठवड्यात येऊन थांबलेल्या माशांच्या पोटुशा माद्या.

हे लेक फोर्क. टेक्सासमध्ये, डॅलसच्या पूर्वेला गाडीनं दीड तासावर. सबाइन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर धरण बांधून केलेला, सुमारे २७ हजार एकरांचा जलाशय. लार्जमाउथ बास या माशासाठी गळ टाकणाऱ्यांमध्ये या पाण्याचं नाव अदबीनं घेतलं जातं. मी डॅलसच्या उपनगरात राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली. इथं मी पुष्कळदा आलो आहे, किनाऱ्यावरून आणि भाड्याच्या नावेतून मासे धरले आहेत. तरीही दरवर्षी एक दिवस गाइड घेतो. ज्याला गळ बांधता येतो, फेकता येतो, मासा खेळवता येतो, त्यानं पैसे देऊन दुसऱ्याच्या नावेत का बसावं, असं मला अनेकजण विचारतात. त्याचं उत्तर त्या पाणंदीत आहे.

मी भीमेकाठचा. उजनीचं धरण पूर्ण झालं १९८० साली, आणि लेक फोर्कच्या धरणानं पाणी अडवायला सुरुवात केली तीही १९८० मध्येच. लहानपणी फुगवट्यावर मासेमारी करणारे लोक बोलताना ऐकायचो : आज जुन्या गावठाणावर जाळं टाकलं, उद्या पाटलाच्या विहिरीकडे जाऊ. त्यांच्या लेखी गाव बुडालेलं नव्हतं, फक्त पाण्याखाली गेलं होतं. मासा कुठं बसतो हे सांगायला त्यांना बांध, विहीर, चिंच, ओढा हेच शब्द लागत. लेक फोर्कचा गाइड अगदी तसाच बोलतो, आणि पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

फरक असा, की इथं मासा आपसूक आलेला नाही. टेक्सासच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्यानं धरणाचं काम सुरू असतानाच या पाण्याचा विचार केला. बुडीत क्षेत्रातली पुष्कळशी झाडं तोडली नाहीत, उभीच ठेवली. पाणी भरण्याच्या आधी, १९७९ पासून, तिथल्या शेततळ्यांमध्ये फ्लोरिडाच्या वाणाचे बास सोडले. फ्लोरिडाचा बास इथल्या मूळ बासपेक्षा मोठा होतो. जलाशय पूर्ण भरायला १९८५ चा शेवट उजाडला. तोवर ती तळी एकेक करून पाण्याखाली गेली, आणि त्यांतले मासे आपल्या तळ्याचा बांध ओलांडून नव्या पाण्यात पसरले. पुढच्याच वर्षी, २६ नोव्हेंबर १९८६ रोजी, मार्क स्टीव्हन्सन नावाच्या गाइडला इथं १७.६७ पौंडांची, म्हणजे आठ किलोंची मादी मिळाली. तो त्या वेळचा राज्याचा विक्रम होता. त्यानं ती मारली नाही, जिवंत ठेवली. खात्यानं नुकतीच एक योजना काढली होती : तेरा पौंडांच्या वरची मादी कुणी जिवंत दिली, तर तिच्यापासून पिल्लं घेऊन ती राज्यातल्या पाण्यात सोडायची. या योजनेत आलेली ही पहिली मादी. तिचं नाव ठेवलं एथेल. पुढं मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एका मोठ्या दुकानातल्या मत्स्यालयात ती १९९४ पर्यंत जगली, आणि लाखो लोकांनी तिला पाहिलं. शेअरलंकर या नावानं ती योजना आजही चालू आहे. एथेलचा विक्रम २४ जानेवारी १९९२ रोजी याच पाण्यात मोडला. बॅरी सेंट क्लेअर हा माणूस क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी जिवंत बारीक मासा लावून बसला होता. त्याच्या गळाला १८.१८ पौंडांचा बास लागला, आणि टेक्सासचा तो विक्रम अजून उभा आहे.

ही सगळी माहिती मी आधीही वाचलेली होती. पण गाइड ती सांगतो तेव्हा बोटानं दाखवत सांगतो. "ते तळं इथं होतं," असं म्हणून तो नाव अशी वळवतो, की आपण त्या तळ्याच्या बांधाला समांतर होतो.

मुरलेल्या माणसाची आणि नवख्याची गाइडसोबतची फेरी वेगळी असते. नवख्याला गाइड मासा मिळवून देतो. मुरलेल्याला तो आधी फोनवर विचारतो : तुम्हाला मासे हवेत, एकच मोठा हवा, की काही शिकायचंय? त्या उत्तरावर अख्खा दिवस ठरतो. मी यंदा सांगितलं, मला तळ वाचायला शिकायचंय, मासा नाही मिळाला तरी चालेल. त्या दिवशी नावेत बसल्यावर त्यानं समोरच्या पडद्याकडे बोट केलं आणि विचारलं, "मग दुपारपर्यंत हा बंद ठेवूया?"

हा पडदा म्हणजे सध्या बासच्या जगातला सगळ्यात तापलेला विषय. पाण्यात ध्वनिलहरी सोडून खोली आणि मासे दाखवणारं यंत्र शौकिनांच्या हाती आलं १९५० च्या दशकाच्या अखेरीला. कार्ल लोरन्स यांची छोटी हिरवी पेटी जुन्या लोकांच्या अजून आठवणीत आहे. ते यंत्र नावेच्या खालचं दाखवायचं. २०१८ मध्ये गार्मिनचं लाइव्हस्कोप आलं, आणि नावेच्या पुढचा मासा हलताना, आमिषाकडे वळताना, तोंड फिरवून निघून जाताना जसाच्या तसा दिसू लागला. याला काही जण फसवणूक म्हणतात, काही जण प्रगती. मी वापरून पाहिलं आहे, आणि माझं मत असं, की मासा कुठं आहे हे तो पडदा सांगतो, तिथंच का आहे हे सांगत नाही. ते 'का' ज्याला समजलं, त्याला उद्या दुसऱ्या पाण्यावरही ते उपयोगी पडतं. गाइडचंही हेच म्हणणं होतं, आणि त्याची उपजीविका तर त्या यंत्रावरही चालते. म्हणून त्याचं बोलणं मी मनापासून ऐकलं.

पडदा बंद केला आणि त्यानं माझ्या हातात सात फुटांची काठी दिली. दोऱ्याच्या टोकाकडे टंगस्टनचं वजन, त्याच्या पुढं हातभर मोकळा दोरा, आणि त्याला मऊ प्लास्टिकची पाल. याला कॅरोलायना रिग म्हणतात. वजन तळाला टेकतं, आमिष मागून तरंगत येतं. टंगस्टन शिशापेक्षा कडक, त्यामुळे तळ जसा असेल तसा तो दोऱ्यातून बोटापर्यंत पोचतो. "ओढा, आणि मला सांगा काय लागतंय," तो म्हणाला. मी डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं, लोण्यातून सुरी जावी तसं. तो म्हणाला, गाळ. मग बारीक किरकिर, करकर. खडी. मग वजन एकदम अडकलं, सुटलं, पुन्हा अडकलं. बुंधा. आणि मग खडीनंतर लगेच काही क्षण दोरा सैल झाला, वजन खाली घसरलं. "तो चर," गाइड म्हणाला. मी पाणंदीचा कड बोटानं चाचपला होता.

ही खडी महत्त्वाची का, तेही त्यानं सांगितलं. लेक फोर्कचा बराचसा तळ मऊ मातीचा. जिथं माणसानं रस्त्यासाठी खडी टाकली, तिथं कडक जागा झाली. कडक जागेवर छोट्या शेवंडासारखे दिसणारे गोड्या पाण्यातले क्रॉफिश राहतात, आणि बास ते आवडीनं खातो. शिवाय पाण्याचं तापमान १५-१६ अंशांना पोचायला आलं, की माद्या खोल पाण्यातून उथळाकडे सरकतात. सरकताना त्या कडा, चर, बांध धरून येतात, जसा माणूस अंधारात भिंत धरून चालतो. उथळात नर शेपटीनं तळ झाडून घरटं करतो. मादी अंडी घालून जाते, नर मागं राहून अंड्यांची आणि नंतर पिल्लांची राखण करतो. मरळ आपल्या पिल्लांच्या थव्याखाली कशी फिरते, ते ज्यानं पाहिलंय, त्याला हे लगेच समजेल.

सकाळी साडेनऊला पहिला मासा लागला. टक्‌, एकदाच. मी ताबडतोब काठी उचलली, आणि सुटला. गाइड काही बोलला नाही. दुसरा लागला, तोही सुटला. मग तो म्हणाला, "तुम्ही पाहून मारताय, जाणवून नाही." कॅरोलायना रिगमध्ये आमिष वजनापासून लांब असतं. दोऱ्यात टक्‌ लागतं तेव्हा मासा अजून तोंड मिटत असतो. मऊ ओढ आली, जडपणा आला, की काठी आडवी ओढायची, वर नाही. वर्षानुवर्षं मी हेच चुकत आलो होतो, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण किनाऱ्यावर मी एकटाच असतो.

तिसरा आला. एकवीस इंची, पोट फुगलेलं. गाइडनं ओल्या हातानं खालचा जबडा धरला, दुसरा हात पोटाखाली, पट्टीवर ठेवला, तोंड मिटून, शेपटी चिमटून मोजला आणि लगेच पाण्यात सोडला. लेक फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांचा बास ठेवता येत नाही. दिवसाला पाच मासे, त्यांत चोवीसच्या वरचा एकच. या नियमाच्या मुळाशी मोठा मासा घडू द्यायचा विचार आहे : वाढीच्या वयातला मासा वाचवायचा, लहान हवे तर खायला न्यावेत. एका मोठ्या स्पर्धेनं २००७ मध्ये या नियमाचा मान राखून, मासे किनाऱ्यावर नेण्याऐवजी नावेतच मोजून सोडायची पद्धत इथं चालवली. मला हा नियम या जलाशयाचा खरा पाया वाटतो, धरणाच्या भिंतीइतका.

दुपारी आम्ही झाडांमध्ये शिरलो. खुणेच्या खांबांमधली नावेची वाट सोडली की जपून जावं लागतं. पाण्याखाली वीतभर बुडालेला बुंधा नाव फोडू शकतो. आता टेक्सास रिग : पोटात गळाचं टोक लपवलेला प्लास्टिकचा गांडूळ, पुढं निमुळतं वजन. फांद्यांतून ओढला तरी अडकत नाही. असा मऊ गांडूळ निक क्रीम यांनी १९४९ मध्ये ओहायोत ओतून तयार केला, आणि पुढं त्यांचा कारखाना आला तो इथून तासाभरावरच्या टायलर गावी. आम्ही बसलो होतो तशी चपट्या बुडाची, लांबुडकी बास बोट होम्स थर्मंड यांनी १९४८ मध्ये शेजारच्या लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला घडवली. या भागातल्या माणसांनी आपल्या पाण्याच्या गरजेप्रमाणे आपली हत्यारं केली, आणि ती देशभर गेली.

तीनच्या सुमारास एका जाड ओकच्या बुंध्याशी मला जडपणा जाणवला. काठी आडवी ओढली. जे लागलं होतं ते हललं, खाली गेलं, आणि रिळाचा दोरा कुरकुरत निघाला. मी एकदाच पाहिलं : पाण्याच्या वरच्या थरात रुंद, हिरवट, हंड्याच्या तोंडाएवढं उघडलेलं तोंड. मग ती दोन बुंध्यांमधून फिरली आणि दोरा तुटला. दोघंही बराच वेळ बोललो नाही. गाइडनं नकाशावर खूण केली नाही. बोटानं फक्त बुंध्याची उंची मोजली, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या दोन घरांशी ती जागा जुळवून पाहिली आणि मान हलवली.

परतताना अंधारत होतं. तो सावकाश नाव चालवत सांगत होता. इथं फाटक होतं. इथं कुंपणाची तार अजून आहे, उन्हाळ्यात तिच्या खांबांना क्रॅपी लागतात. इथं ओढा वळतो. मी त्याला विचारलं, हे सगळं कुणाकडून कळलं? ज्यांची शेतं गेली त्यांच्याकडून, तो म्हणाला. सुरुवातीला तो त्यांच्याकडे जाऊन बसायचा आणि धरणाआधीचे नकाशे त्यांच्यापुढं पसरायचा. त्या लोकांतले आता फार थोडे उरलेत. मग त्यानं मला विचारलं, तुमच्या गावच्या पाण्याखाली काय आहे?

मी विहिरीपासून सुरुवात केली.