संप कीं बंड? जुन्नर तालुक्यांतील इ. स. १८८४-८५ च्या एका प्रसंगाविषयीं

जुन्या दप्तरांची याद करतांना संग्राहकास जें पहिलें काम पडतें तें कागदास नांव देण्याचें. महजर, कौलनामा, गहाणखत, फारखत, कबुलायत हीं नांवें बहुधा कागदावरच लिहिलेलीं असतात. म्हणून तेथें वाद उद्भवत नाहीं. परंतु ज्या प्रसंगाच्या अनुषंगानें कागद निर्माण झाला, त्या प्रसंगास काय म्हणावें हें याद करणाऱ्यालाच ठरवावें लागतें. आणि एकदां नांव पडलें म्हणजे पुढचा अभ्यासक त्याच नांवाखालीं शोध घेतो. जुन्नर तालुक्यांत इ. स. १८८४-८५ च्या सुमारास कुळांनीं सावकारांच्या जमिनी कसण्याचें नाकारलें. हा प्रसंग जोतीराव फुले यांच्या चरित्राच्या ओघांत सांगितला जातो व पुष्कळदां त्यास 'खतफोडीचें बंड' असें म्हटलें जातें. हें नांव यथार्थ आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतला आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'संप' म्हणजे मागणी मान्य होईपर्यंत काम बंद ठेवणें, असा अर्थ आज मराठींत रूढ आहे. गुजराथींत मात्र त्याच शब्दाचा अर्थ एकोपा, ऐक्य असा आहे. दोहोंचा मेळ सहज बसतो. आधीं एकमत, मग त्या एकमतानें काम थांबविणें. मराठीनें परिणामास नांव दिलें, गुजराथीनें कारणास. 'बंड' ह्या शब्दांत हें कांहींच नाहीं. त्यांत राजसत्तेविरुद्ध उठणें आहे, शस्त्र आहे, पुंडाई आहे. एकाच प्रसंगास कोणी संप म्हणेल, कोणी बंड म्हणेल. पण बहुधा काम करणारा पहिला शब्द वापरील आणि काम घेणारा दुसरा.

आपल्या शास्त्रकारांसही हा विषय अपरिचित नव्हता. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत, कारु व शिल्पी यांनीं आपसांत संगनमत करून कामाचा कस उतरविला किंवा क्रयविक्रयांत अडथळा आणला तर त्यांस दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत याची दुसरी बाजू आहे. कारु व शिल्पी यांस पीडा होईल असा भाव एकत्र येऊन ठरविणाऱ्यांस तेथें उत्तम साहसाचा दंड आहे. आणि तेथें शिल्पी म्हणजे चित्रकार आदिकरून लोक असें मिताक्षराकार स्पष्ट करतात. तात्पर्य, एकत्र येणें हाच अपराध असें शास्त्र मानीत नाहीं. एकत्र येऊन कोणास पीडा केली हें तें पाहतें.

एकत्र येण्याचा पुरावा तर जुन्नरच्या डोंगरांतच कोरलेला आहे. तेथील लेण्यांतील ब्राह्मी लेखांत धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टांकें दिल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या एका लेखांत बुरूडकाम करणारे व कांसार यांच्या श्रेणींकडे पैसा ठेवून त्यांतून दरमहा कांहीं द्यावें अशी व्यवस्था आहे. ज्यांच्या हातीं लोक ठेव ठेवीत त्या श्रेणी पत असलेल्या व टिकाऊ संस्था होत्या, हें उघड आहे. नाणेघाटांतून चढणाऱ्या मालावर ज्या नगराचें वैभव उभें होतें, तेथें बुरुडास व कांसारास आपल्या समूहाच्या नांवानें व्यवहार करतां येत होता.

शेतकऱ्यापाशीं अशी श्रेणी नव्हती; त्याचें हत्यार निराळें होतें. मराठी दप्तरें चाळणाऱ्यांस 'परागंदा' व 'कौल' हे दोन शब्द जोडीनें भेटतात. जुलूम किंवा दुष्काळ असह्य झाला म्हणजे रयत गांव सोडून जाई. मग जमीन ओस पडून सरकारचा वसूल बुडे, आणि अंमलदार अभयाचा कौल देऊन रयतेस परत आणीत. कौलांत सूट व मुदत लिहिलेली असे. ज्या काळीं जमीन मुबलक व कसणारे हात थोडे होते, त्या काळीं हें हत्यार चालत असे.

इंग्रजी अमलांत परिस्थिति उलटली. रयतवारींत सारा रोकड झाला व तो खातेदाराच्या नांवावर बसला. जमीन गहाण टाकतां व विकतां येऊं लागली. सावकारास दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा सहज मिळूं लागला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाचा भाव चढला व युद्ध संपतांच उतरला. त्यानंतर फेरपाहणींत साराही वाढला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें जो उठाव झाला त्याची ही पार्श्वभूमि होय. तेथें व पुढें पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं लोकांनीं सावकारांच्या घरांतून खतें व हुकूमनामे काढून जाळले. माणसांच्या जिवावर फारसें बेतलें नाहीं. रोख कागदावरच होता. सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें आणि इ. स. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, इ. स. १८७९ मध्यें, दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस तो लागू झाला. त्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला व शेतकऱ्याचीं खतें गांवच्या नोंदणी-कामगारासमोर व्हावींत अशी तजवीज केली.

परंतु जी जमीन आधींच सावकाराच्या नांवावर चढली होती, तिचें काय? खरा पेंच येथें होता. जुना मालक आपल्याच शेतावर कूळ होऊन राबत होता व दरसाल खंड भरत होता. जाळण्याजोगें खत आतां नव्हतेंच. मालकी सरकारी कागदावर गेली होती. ह्या कुळानें करावें काय?

जुन्नर तालुक्यांतील कुळांनीं ह्याचें उत्तर इ. स. १८८४-८५ च्या सुमारास दिलें. खंड कमी केल्यावांचून सावकारांच्या जमिनी कसावयाच्या नाहींत असें त्यांनीं ठरविलें, आणि जमिनी पडीक ठेवल्या. जोतीरावांचा ह्या चळवळीस पाठिंबा व सल्ला होता. त्यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचें ओतूर हें ह्या तालुक्यांतील एक मोठें केंद्र होतें. भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे हे तेथील प्रमुख कार्यकर्ते. 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ जोतीरावांनीं इ. स. १८८३ मध्यें पुरा केला होता. ओतूरच्याच बाळाजी कुसाजी पाटील यांनीं घरचें लग्न ग्रामजोश्यावांचून लाविलें व तो वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला, तोही ह्याच दशकांत. अर्थात् नाकारण्याची व नाकारण्यावर एकत्र टिकून राहण्याची संवय ह्या गांवांस लागत होती. अखेरीस सावकार नमले आणि तडजोड झाली.

ह्या उपायाचें बळ कशांत होतें तें नीट पाहावें. जमीन पिको वा न पिको, सारा खातेदारास भरावा लागे. आणि खातेदार आतां सावकार होता. म्हणजे ज्या रयतवारी नियमानें पूर्वीं कुणब्यास बुडविलें, तोच नियम पडीक जमिनीवर सावकारास जाचूं लागला. स्वतः नांगर धरणें त्यास शक्य नव्हतें, आणि बाहेरून कूळ आणावें तर आसपासचीं गांवें एकमतानें बांधलेलीं. कुळांसही हें सोपें नव्हतें. एक हंगाम पडीक म्हणजे एक हंगाम उपास. सावकाराच्या घरीं मागल्या सालचा दाणा होता, कुळाच्या घरीं नव्हता. परागंदा होण्याचें जुनें हत्यारच त्यांनीं गांव न सोडतां चालविलें, असें आम्हांस वाटतें.

आतां निर्णयाकडे वळूं. संपाचीं तीन लक्षणें मानतां येतील: मागणी एक व आधीं ठरलेली असणें; नासधूस न करतां केवळ स्वतःचें काम रोखणें; आणि तडजोड होतांच त्याच कामावर परत जाणें. सुप्याच्या प्रसंगांत दुसरें लक्षण नाहीं; तेथें कागद जाळले गेले, म्हणून 'खतफोड' हें नांव तेथें शोभतें. जुन्नरच्या प्रसंगांत तिन्ही लक्षणें आहेत. तेव्हां दोहोंस एकच नांव देणें म्हणजे दहा वर्षांत शेतकऱ्यानें जो धडा घेतला तो पुसून टाकणें होय.

त्याच काळीं मुंबईंतही हाच धडा गिरविला जात होता. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सप्टेंबर १८८४ मध्यें गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. आठवड्याची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति व वेळेवर पगार ह्या मागण्यांच्या अर्जावर साडेपांच हजार कामगारांच्या सह्या झाल्या, आणि १० जून १८९० रोजीं गिरणी मालकांनीं साप्ताहिक सुटी मान्य केली.

नांवाचा हा झगडा केवळ आपल्याकडचा नव्हे. मिताक्षराकारांचे शिल्पी, म्हणजे चित्रकार, यांचा एक प्रसिद्ध संप अमेरिकेंत बरबँक येथें झाला. वॉल्ट डिस्ने यांच्या व्यंगचित्रपटांच्या कारखान्यांत शेंकडों चित्रकार एका चित्रापुढें दुसरें चित्र काढून पडद्यावर हालचाल निर्माण करीत. पगारांत मोठी तफावत होती, आणि चित्रपटाच्या आरंभीं बहुतेकांचें नांवही झळकत नसे. संघाचे पुढारी आर्ट बॅबिट व कांहीं सहकारी यांस कामावरून काढतांच २९ मे १८४१ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २९ मे १९४१ रोजीं, ह्या चित्रकारांनीं पेन्सिली खालीं ठेवल्या. सरकारी मध्यस्थीनें संघास मान्यता मिळाली व तडजोड झाली. तरी इ. स. १९४७ मध्यें अमेरिकन लोकप्रतिनिधींच्या समितीपुढें साक्ष देतांना डिस्ने यांनीं त्या संपास कम्युनिस्टांची कारवाई ठरविलें. कुणब्याचा नांगर असो वा चित्रकाराची पेन्सिल, ती खालीं ठेवली म्हणजे मालकाच्या दप्तरांत तिची नोंद कट म्हणून होते.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी. जुन्नर, ओतूर, घोडेगांव, मंचर ह्या बाजूच्या घरांतून इ. स. १८७९ नंतरचीं खतें व कबुलायती मिळाल्यास त्या अर्वाचीन म्हणून टाकून देऊं नयेत. एकाच शेताच्या लागोपाठच्या सालांच्या कबुलायती एकत्र बांधाव्या. खंडाचा आंकडा कोठें उतरला व कोणतें साल मधूनच गळालें हें टिपून ठेवावें. आंबेगांव हा पूर्वीं खेड तालुक्याचा पेटा होता. त्यामुळें तिकडील गांवांचे कागद खेडच्या नांवाखालीं शोधावे. मूळ आंबेगांव तर डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे. तेथून उठलेल्या घराण्यांपाशीं जें दप्तर उरलें असेल तेवढेंच आतां उरलें. आणि यादींत ह्या प्रसंगाचें नांव लिहितांना रूढ नांव कंसांत ठेवावें, पण मुख्य नोंद 'जुन्नरच्या कुळांचा संप' अशी करावी. गळालेलें साल हाच त्या संपाचा लेख आहे. तें पडीक राहिलें म्हणून कोरें समजूं नये.