'या, लवकर आलात!'

उशिरा घरी येणाऱ्या मुलाला आई म्हणते, 'या, लवकर आलात!' एरवी 'अरे-तुरे' करणारी आई एकदम 'अहो-जाहो'वर आली, की काहीतरी बिनसले आहे हे लहान पोरालाही कळते. मराठीत टोमण्याची खूण अशी क्रियापदातच उमटते. इंग्रजीत मात्र मित्राला, आईला, साहेबाला, सगळ्यांना एकच 'यू'. मग सातवीतल्या मुलाने टोमणा ओळखायचा कशावरून?

बँकेतून निवृत्त झाल्यापासून बदलापूरजवळ सोनिवलीत मी शेजारपाजारच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. त्यातला एकजण मोठ्या आनंदाने सांगत आला, 'सर मला जीनियस म्हणाले!' त्याच्या वहीत लाल फुल्यांची रांग होती. वर्ग हसला होता, ते हसणेही त्याला कौतुकाचेच वाटले होते.

आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. शब्दार्थ पाठ होतात, पण शब्दामागचा सूर ऐकायला कोणी शिकवत नाही. म्हणून मी बँकेतल्या सवयीने वहीत दोन रकाने आखून देतो : 'म्हटले काय' आणि 'घडले काय'. दोहोंचा मेळ बसला नाही, की मुलांनी थांबून विचार करायचा.

आमच्या नदीचे नाव उल्हास. २६ जुलै २००५ रोजी तिनेच बदलापुरात हाहाकार उडवला. इथे कोणी कोणाला टोचत नाही. नाव आणि घटना यांतली विसंगतीच बोलते. ही आयरनी. उशिरा आलेल्या मित्राला 'वा, काय वक्तशीर!' म्हटले, तर तो सार्कॅझम. त्यात तो शब्द कोणाला तरी लागावा, असा बोलणाऱ्याचा हेतू असतो.

तो कोणाला लागावा, हाच खरा प्रश्न. गरिबांनी आपली मुले श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत, असा शहाजोग सल्ला जोनाथन स्विफ्टने १७२९ साली आयर्लंडला दिला. त्याचा रोख भुकेल्यांवर नव्हता, त्यांना पिळणाऱ्यांवर होता. आपल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा रूढींना हसू आणतो, त्यात स्वतःलाही वगळत नाही.

म्हणून वहीत मी तिसरा रकाना वाढवला आहे : 'लागले कोणाला?' पालकांनी आणि शिक्षकांनी तो आधी स्वतः भरून पाहावा. मुलांना टोमणा कळायलाच हवा. पण इंग्रजी चुकले म्हणून तो त्यांनाच खावा लागू नये.