देवळापर्यंतची वाट : पुलगाव परिसरातली लहान प्रार्थनास्थळं आणि पायवाटा

आज आपण मोठ्या तीर्थक्षेत्रांबद्दल बोलणार नाही. बोलायचं आहे ते शिवारातल्या लहान देवळांबद्दल, टेकडीवरच्या दर्ग्याबद्दल, नदीकाठच्या एखाद्या ओट्याबद्दल. आणि त्याहून जास्त, तिथपर्यंत नेणाऱ्या वाटेबद्दल. कारण आमचं सांगणं सरळ आहे. देऊळ जपायचं असेल तर वाट जपावी लागते. वाट हासुद्धा त्या वास्तूचा भाग आहे, आणि आपल्याकडे सगळ्यात आधी जाते ती वाटच.

सुरुवात पुलगावपासून करू. या गावाच्या नावातच पूल आहे. वर्धा नदीच्या या काठाला नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि पलीकडे वऱ्हाड, अशी इथली जुनी विभागणी. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा वर्धा जिल्हा झाला, तेव्हा त्याचं पहिलं ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते आजच्या वर्ध्याला गेलं. म्हणजे हा सगळा टापू रेल्वेच्या आणि सडकेच्या आधी पायी चालणाऱ्यांचा आणि बैलगाड्यांचा होता. देवळं, पार, समाध्या कुठे आहेत ते पाहिलं की जुनी वाहतूक कुठून होती हे कळतं. नदीला उतार कुठे होता, मुक्काम कुठे पडायचा, पाणी कुठे मिळायचं, हे दगडात लिहून ठेवल्यासारखं दिसतं.

दोन शब्द, दोन देश

'देऊळ' हा शब्द 'देवकुल' यावरून आला, म्हणजे देवाचं घर. युरोपात लहान प्रार्थनास्थळाला 'चॅपल' म्हणतात, फ्रेंचमध्ये 'शापेल'. त्या शब्दाच्या मुळाशी आहे एक अंगरखा. संत मार्टिन यांनी आपला झगा फाडून अर्धा एका कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला, अशी कथा आहे. त्या झग्याचा अवशेष जिथे जपला जाई त्या जागेला 'कापेला', म्हणजे 'लहान झगा', हे नाव पडलं. पुढे तोच शब्द सगळ्या लहान प्रार्थनागृहांना लागू झाला.

फ्रान्सचं नाव आज मुद्दाम काढतो आहोत. तिथल्या ग्रामीण भागात अशी शेकडो लहान शापेल शेतांत, टेकड्यांवर उभी आहेत. ल प्यूई गावात तर ज्वालामुखीच्या एका सुळक्यावर दहाव्या शतकातलं सेंट मिशेलचं शापेल आहे. २६८ पायऱ्या चढून जावं लागतं. याच गावातून स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी जुनी यात्रावाट निघते. १९९८ मध्ये युनेस्कोनं फ्रान्समधल्या या यात्रामार्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. यादीत ७१ वास्तू आहेत, आणि त्यांच्या जोडीला वाटेचे ७ तुकडे आहेत. नुसती मातीची, दगडाची वाट, तीही वारसा म्हणून नोंदलेली! ही गोष्ट आपण शिकण्यासारखी आहे.

आपल्याकडचं जुनं मार्गदर्शक पुस्तक

आता कोणी म्हणेल, ही सगळी परक्यांची कौतुकं. तसं नाही. सांतियागोच्या यात्रेकरूंसाठी बाराव्या शतकात लॅटिनमध्ये एक मार्गदर्शिका लिहिली गेली, तिचं जगभर नाव आहे. पण आपल्या मराठीत चौदाव्या शतकातली 'स्थानपोथी' आहे. चक्रधरस्वामी महाराष्ट्रभर पायी हिंडले. ते कुठे बसले, कुठे राहिले, त्या देवळाचं दार कोणत्या दिशेला, जवळ नदी कुठे, झाड कुठे, याची नोंद महानुभाव मंडळींनी करून ठेवली. वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात गेलं की रिद्धपूर लागतं. 'लीळाचरित्र' तिथेच रचलं गेलं. महानुभावांनी अशा अनेक जागी मोठी मंदिरं न बांधता ओटे बांधले. एक ओटा, त्यावर नमस्कार, बस्स. जागा लक्षात ठेवायला इमारत लागतेच असं नाही, चालत येणारी माणसं लागतात.

वर्धा नदीवरचंच दुसरं ठिकाण कौंडण्यपूर, आर्वीच्या पलीकडच्या काठाला. रुक्मिणीचं माहेर म्हणून सारा महाराष्ट्र त्याला ओळखतो. इथून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला पायी जाते. ही परंपरा १५९४ पासूनची सांगतात. साठच्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षितांनी इथे उत्खनन केलं, आणि ही वस्ती सातवाहनांच्याही आधीची असल्याचं पुढे आलं. पुराणातली गोष्ट एका बाजूला ठेवली तरी माणसं या काठावर दोन हजारांहून जास्त वर्षं नांदत आली आहेत, हे मातीनंच सांगितलं.

दगड वाचायला शिकू

दक्षिणेकडे समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. वर शेख फरीद बाबांचा दर्गा. हिंदू-मुसलमान दोघंही तिथे जातात. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. लोककथा अशी की, बाबांची थट्टा करणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांचा माल दगड झाला. भूगर्भशास्त्र सांगतं की हे झिओलाइट नावाच्या खनिजांचे गोळे आहेत. लाव्हारस थंड होताना त्यात वायूची पोकळी राहते, पुढे त्या पोकळीत पाण्यातून खनिजं साठत जातात. भोवतालचा बेसॉल्ट झिजला की गोळे सुटे होतात. म्हणजे ल प्यूईचा सुळका आणि गिरडची टेकडी, दोन्ही ज्वालामुखीचीच देणगी! माणसाला अशा विचित्र जागी देव दिसतो, हे सगळीकडे सारखंच. एक विनंती मात्र : ते दगड खिशात घालून आणू नका. प्रत्येकानं एक आणला तर टेकडीवर गोष्ट तेवढी राहील, दगड राहणार नाहीत.

सेलू तालुक्यात केळझरच्या टेकडीवर गणपतीचं देऊळ आहे. भीमानं बकासुराला मारलं ती एकचक्रानगरी हीच, असं लोक मानतात. आणि पवनार तर आपल्या ओळखीचंच. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. विनोबा १९३८ मध्ये धाम नदीकाठी राहायला आले, तिथे जमीन खोदताना जुनी शिल्पं निघाली. त्यातलं राम-भरत भेटीचं शिल्प आजही आश्रमात आहे.

छप्पर नसलेलं मंदिर

आमच्या मते या जिल्ह्यातलं सगळ्यात साधं प्रार्थनास्थळ सेवाग्रामला आहे. भिंत नाही, कळस नाही, मूर्ती नाही. उघडी जमीन आणि वर झाड. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून तिथे आले ते चालत. एप्रिलअखेरचं वर्ध्याचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पुढे मार्च १९५१ मध्ये विनोबा इथूनच हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले. पुढे तसंच चालत पोचमपल्ली गाठली आणि १८ एप्रिलला पहिलं भूदान मिळालं. विनोबा आगगाडीनं गेले असते तर पोचमपल्ली लागलीच नसती. चालण्यानं काय होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आमच्याजवळ नाही.

वाट जाते कशी?

आता मुद्द्याच्या जागी येऊ. देऊळ पडलं तर दिसतं. गाव वर्गणी काढतं, रंग देतं, सिमेंटचा सभामंडप बांधतं. कधीकधी जुना दगड त्या रंगाखाली गुदमरतोही, तो वेगळा विषय. पण पांधण गेली तर दिसत नाही. एका वर्षी धुऱ्याकडून दोन तास नांगरले जातात, पुढच्या वर्षी आणखी दोन, मग काटेरी कुंपण येतं. दहा वर्षांनी नव्या पोराला विचाराल तर तो म्हणेल, इथून वाट होती? कधी? त्यात वाईट हेतूच असतो असं नाही. शेत लहान झालं, वाटण्या झाल्या, माणसं दुचाकीवर सडकेनं जायला लागली. चालणारे थांबले की वाट मरते. मग त्या वाटेवरचं देऊळ वर्षातून एकदा, यात्रेपुरतं, जीपच्या रस्त्यानं उघडतं.

पण कागदावर ती वाट असते! गावनकाशा पाहा. त्यावर एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग. आणि आपल्या विदर्भात आणखी एक जुनी सोय आहे. गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क 'वाजिब-उल-अर्ज' या दफ्तरात नोंदतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६५ मध्ये ते आहे. पाण्याची वहिवाट, जाण्यायेण्याची वाट, मासेमारी, हे सगळं त्यात येतं. वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते, म्हणून "बघू पुढच्या वर्षी" करू नये.

फ्रान्सनं वेगळं काय केलं? तिथे प्रत्येक जिल्ह्याला पायवाटांची अधिकृत यादी ठेवावी लागते. यादीतली वाट विकायची तर तिच्या बदल्यात दुसरी सलग वाट द्यावी लागते. लांबच्या वाटांवर झाडांना, दगडांना पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांची खूण असते, ती रंगवण्याचं काम बहुतेक स्वयंसेवक करतात. आणि बंद पडलेल्या कित्येक रेल्वेमार्गांवर चालण्याचे हिरवे रस्ते केले आहेत.

हे ऐकून पुलगावकरांच्या मनात जे आलं, ते आमच्याही मनात आहे. आपली आर्वीची शकुंतला! १९१७ मध्ये सुरू झालेला, सुमारे ३५ किलोमीटरचा तो अरुंद मार्ग, विरूळ, रोहणा करत जाणारा. त्या मार्गावर पुन्हा गाडी यावी ही लोकांची मागणी आहे, आणि ती रास्त आहे. निर्णय रेल्वेकडेच व्हायचा. पण गाडी येवो की वाट होवो, ती सलग पट्टी तुकड्यांत जाऊ नये एवढं तरी गावांनी म्हणावं.

निघण्याआधी

शेवटी थोड्या कामाच्या गोष्टी. चालायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पावसाळ्यात काळ्या मातीत एकेक बूट दोन किलोचा होतो, आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर चालू नये. धुऱ्यावरून चाला, पिकातून नको. कापसाचा वेचा चालू असेल तर आधी हाक द्या, विचारा. रानडुकरांसाठी तारेत वीज सोडलेली असू शकते, म्हणून कुठल्याच तारेला हात लावू नका. नदीचं पात्र कोरडं दिसलं तरी पायी ओलांडू नका. वर ऊर्ध्व वर्धा आणि निम्न वर्धा ही धरणं आहेत, पाणी कधी सुटेल सांगता येत नाही. बोर व्याघ्र प्रकल्पात पायी शिरायचं नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या हद्दीजवळ जायचं नाही, फोटो काढायचे नाहीत.

देवळात गेलात तर दगडाला खडू, रंग, तेल लावू नका. पुजाऱ्याला, गुराख्याला, म्हाताऱ्या आजीला विचारा : "या देवळाला आधी कुठून यायचे?" उत्तर लिहून घ्या, मोबाइलवर वाटेची नोंद करा, आणि गावनकाशाशी ताडून पाहा. आपल्या गावच्या एकाच वाटेची अशी नोंद केलीत तरी चालेल. ती नोंद ग्रामसभेत वाचून दाखवा. एवढं केलं की ती वाट आठवणीतून पुन्हा कागदावर येते. आणि महिन्यातून एकदा दहा माणसं त्यावरून चालली, तर कागदाची गरजही कमी पडेल.

कोणाला प्रश्न असतील तर आता घेऊ या.