बाळ अंगाशी, श्वास मोकळा

लेकराला अंगाला बांधून कामावर जाणे आपल्या आया-आज्यांना नवे नाही. शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर त्यांनी लुगड्याच्या झोळीत मुले वाढवली, कारण बाळंतपणाची रजा त्यांच्या वाट्याला आलीच नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांसाठीच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले होते, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे.

आता झोळीसोबत बाजारातले बेबी कॅरिअरही वस्तीत आले आहे. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला जाताना अनेक घरे ते वापरतात. हात मोकळे राहतात, बाळही शांत राहते. पण कॅरिअर चुकीचे बांधले तर बाळाचा श्वास कोंडू शकतो, आणि श्वास कोंडलेले बाळ रडू शकत नाही. म्हणून आम्ही या वेळी हा विषय घेतला आहे.

कोणत्या वयाला कोणते?

पहिल्या चार महिन्यांत धोका सर्वात जास्त असतो. तान्ह्या बाळाचे डोके जड आणि मान कच्ची असते. झोळीत त्याचे मुटकुळे झाले की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० साली झोळीसारख्या कॅरिअरबाबत हाच इशारा दिला होता. या वयात बाळ पुढे, छातीशी, उभे आणि तुमच्याकडे तोंड करून असावे.

दिवस भरण्याआधी जन्मलेले, कमी वजनाचे किंवा सर्दी-कफ झालेले बाळ असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दवाखान्यात शिकवलेली कांगारू पद्धत वेगळी आहे. ती सांगितल्याप्रमाणे चालू ठेवा.

पाठीवर घ्यायचे, सांगाडा असलेले कॅरिअर बाळ आधाराशिवाय नीट बसू लागल्यावरच वापरावे, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर.

विकत घेताना

• किती वजनापर्यंत चालते ते लेबलवर पाहा. लेबल नसेल तर घेऊ नका.
• शिवण, बक्कल आणि पट्टे ओढून पाहा. कुणाचे वापरलेले घेत असाल तर दोनदा तपासा.
• कमरेचा पट्टा रुंद हवा. भार कमरेवर यावा, नुसत्या खांद्यांवर नको.
• बाळाच्या मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार हवा. गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर असावेत. पाय नुसते लोंबकळत राहिले तर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो.

महागडे कॅरिअर परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. मजबूत सुती कापडही चालते, मात्र नियम तेच.

बांधल्यावर रोज पाहा

• चेहरा दिसतो का? नाक-तोंडावर पदर, ओढणी, शाल काहीही नको.
• मान खाली घालून बाळाच्या डोक्याची पापी घेता येते का? पुढे बांधलेले बाळ तेवढे वर हवे.
• हनुवटी आणि छाती यांमध्ये एक बोट जाते का?
• बाळ घट्ट आहे का? सैल कापडात ते खाली घसरते.
• पाठीला आधार आहे का?

कॅरिअरमध्ये दूध पाजले तर पाजून झाल्यावर बाळाला पुन्हा उभे करा.

वस्तीत आणि गर्दीत

पाठीवरच्या उंच कॅरिअरमध्ये बाळाचे डोके तुमच्या डोक्याच्याही वर जाऊ शकते. बुटकी चौकट, पत्र्याची कड, लोंबणारी वायर आणि छताचा पंखा यांपासून जपा. वाकायचे असेल तर कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून खाली बसा. बाळ चढवताना-उतरवताना दुसऱ्या माणसाला हाताशी घ्या. कॅरिअर टेबलावर किंवा ओट्यावर ठेवू नका.

बाळ अंगाला बांधून चुलीपाशी, गॅसपाशी उभे राहू नका. मोटरसायकलवर कॅरिअर म्हणजे सुरक्षापट्टा नव्हे. चार वर्षांखालच्या मुलांसाठी कायद्याने वेगळा पट्टा सांगितला आहे.

जयंतीच्या मिरवणुकीत किंवा दर्शनाच्या रांगेत बाळ पुढेच घ्या. पाठीवरचे बाळ रेटारेटीत दिसत नाही. फार लहान बाळाला दाट गर्दीत न नेणेच बरे. उन्हात तुमच्या अंगाची उष्णताही त्याला लागते, म्हणून एकच पातळ सुती कपडा घाला. मानेला हात लावून पाहा. घाम किंवा चटका जाणवला तर बाळाला बाहेर काढून सावलीत न्या.

ओठ निळसर दिसले, श्वासाला घरघर लागली किंवा बाळ निपचित पडले, तर क्षणही न घालवता त्याला बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा.

शेवटी बंधूंना एक सांगणे. कॅरिअर बायकांसाठीच असते असे कुठेही लिहिलेले नाही. विशेषतः सिझेरियन झालेल्या आईला काही आठवडे वजन उचलणे जड जाते. अशा वेळी बापाने बाळ छातीशी बांधावे. आईची विश्रांती घरातूनच सुरू होते.

जयभीम.