एक ग्रॅमाचा धक्का आणि पृथ्वीचा पत्ता

लघुग्रहावर जाणाऱ्या यानाच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पण ते परत कसं आणतात? माझा आवडता किस्सा जपानच्या हायाबुसाचा.

२००३ मध्ये निघालेलं हे यान २००५ मध्ये इतोकावा लघुग्रहावर उतरलं, पण त्याच्या एकेक गोष्टी बिघडत गेल्या. दिशा सांभाळणाऱ्या तीन चाकांपैकी दोन बंद पडली, रासायनिक इंधन गळून गेलं, डिसेंबरात संपर्कही तुटला. तो जुळायला जानेवारी उजाडला, आणि २००७ चं परतणं २०१० वर गेलं.

उरलं काय? आयन इंजिनं. ती झेनॉनचे आयन मागे फेकतात. एका इंजिनाचा जोर किती, तर जेमतेम एक ग्रॅम वजनाइतका! अर्ध्या टनाच्या यानाला दिवसभर असं ढकललं, तर वेग वाढतो आपल्या चालण्याइतका. म्हणून महिनोन्‌महिने ढकलत राहायचं. एवढा वेळ यानाचं तोंड योग्य दिशेला ठेवायला उरलेलं एक चाक आणि सूर्यप्रकाशाचा दाब वापरला. (हो, प्रकाशही ढकलतो.)

नोव्हेंबर २००९ मध्ये इंजिनही थांबलं. आता गंमत बघा. नुसते धन आयन फेकले तर यान ऋणभारित होतं आणि आयनांना परत ओढतं. म्हणून सोबत इलेक्ट्रॉनही सोडावे लागतात. 'बी' इंजिनाचा आयनांचा भाग शाबूत होता, 'ए'चा इलेक्ट्रॉनांचा. दोन्ही जोडता येतील असा एक डायोड उड्डाणाआधीच बसवून ठेवला होता! माझ्या मते सगळ्या मोहिमेतला सर्वांत शहाणा सुटा भाग तोच.

शेवटचं नेम धरणंही एका झटक्यात होत नाही. रेडिओ लहरींवरून अंतर आणि वेग मोजायचा, कक्षा काढायची, थोडं ढकलायचं, पुन्हा मोजायचं. आधी मार्ग पृथ्वीच्या बाजूने जाणारा, मग कडेला लागणारा, आणि खात्री पटल्यावरच ऑस्ट्रेलियातल्या वूमेराकडे वळवलेला. म्हणजे मधेच काही बिघडलं, तर यान भलत्याच ठिकाणी पडायला नको.

१३ जून २०१० ला, वातावरणात शिरण्याच्या तीन तास आधी, ४० सेंटिमीटरची कुपी सुटली. मूळ बेत होता की यानाने मग बाजूला निघून जायचं. पण त्यासाठी लागणारं इंधन केव्हाच गळून गेलं होतं. सेकंदाला १२ किलोमीटर वेगाने कुपीमागोमाग तेही आत आलं आणि जळालं. कुपी सुखरूप उतरली, आत इतोकावाचे हजाराहून जास्त कण निघाले.

जळण्याआधी यानाला वळवून पृथ्वीचा एक फोटो घ्यायला लावला होता. तो पाठवता पाठवता संपर्क तुटला, त्यामुळे खालचा भाग आलाच नाही.